खुराड्याची नोंद: सहा आठवडे, एक बॅटरी आणि पांढरा कागद

मागची नोंद संपली तेव्हा नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि खुडूक तांबडीखाली अकरा अंडी एवढा पसारा होता. २१व्या दिवशी त्यातून सात पिल्लं निघाली आणि सातही धडधाकट आहेत. त्यांचं एवढंच. बाकीची नोंद काळी नावाच्या कोंबडीची, आणि खरं सांगायचं तर माझ्या चुकांची.

पहिला आठवडा

दिवसाला सहा-सात अंडी मिळत होती, ती आठ दिवसांत तीनवर आली. पिसं झडायचे दिवस नाहीत, उजेड भरपूर, खाद्य तेच. काळीचा तुरा आधी फिकट झाला, मग मेणासारखा. उचलून पाहिली तर छातीचं हाड हाताला टोचत होतं. मी लगेच निदान करून मोकळी: जंत. जंताचं औषध दिलं, पाण्यातून व्हिटॅमिन सुरू केलं आणि औषधाच्या मुदतीतली अंडी मुकाट्यानं टाकून दिली. फरक शून्य.

त्याच आठवड्यात वहीत एक ओळ सहज खरडली होती: ‘संध्याकाळी आत जायला कुरकुरतात, दोघी भिंतीवरच बसल्या, हाकलाव्या लागल्या.’ उकाडा असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

दुसरा आठवडा

एका सकाळी खुराड्यात तपकिरी, चिकट, नाक धरायला लावणारी शीट दिसली. तुमच्यापैकी अर्ध्यांना पुढचं ठाऊक असेल. मी घाबरून फोटो काढला आणि आमच्यातल्या एका जुन्या ताईंना पाठवला. केस पिकले त्यांचे कोंबड्या सांभाळण्यात. उत्तर आलं, ‘‘ही ठणठणीत कोंबडीची शीट आहे. झोप जा.’’

नव्यांसाठी थोडं सविस्तर. कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन बंद नळ्या असतात. तिथे अन्न आंबतं आणि त्या अधूनमधून रिकाम्या होतात. साधारण आठ-दहा शिटांमागे एक अशी घाण, पातळसर, चॉकलेटी पडते. ती हगवण नव्हे. नेहमीच्या शिटेवर पांढरी टोपी दिसते ती तिची लघवी, कारण कोंबडीला ते वेगळं करायची सोय नाही. सकाळी सकाळी येणारे घाबरेघुबरे फोटो निम्मे तरी याच शिटेचे असतात असं ताईंचं म्हणणं आहे.

तुरा फिका का, हे मात्र त्यांनी झोपेवर टाकलं नाही. औषधाचं नाव एकही घेतलं नाही, प्रश्नच विचारत गेल्या. सकाळी दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची पिशवी हाताला कशी लागते? ती रात्रभरात रिकामी झाली पाहिजे. पहाटेही दगडासारखी घट्ट किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी असेल, तर दुखणं तिथेच आहे. काळीची रिकामी होती. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरट गठ्ठे चिकटलेत का? ती उवांची अंडी. नव्हती. मग, ‘‘संध्याकाळी आत जायला कां-कू करतात का गं?’’

मी वही काढून ती ओळ वाचून दाखवली. पलीकडे क्षणभर शांतता.

‘‘रात्री दहाला बॅटरी घेऊन जा. कोंबड्यांकडे बघू नकोस, त्या बसतात त्या दांडीकडे बघ. आणि दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद फिरव.’’

त्याच रात्री

दिवसा मी ते खुराडं रोज झाडते. दांडी स्वच्छ, लाकूड कोरडं, कुठे काही नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात तीच दांडी हलत होती. म्हणजे दांडी नव्हे, तिच्यावरची धूळ हलत होती. काळीच्या पायाच्या पकडीपासून भिंतीतल्या खाचेपर्यंत राखाडी ठिपक्यांची बारीक रांग, आणि खाचेकडे परतणारे ठिपके लाल. कागद खालून ओढला, बाहेर काढला, तर त्यावर कुंकवाच्या बोटानं मारल्यासारख्या तीन रेघा. ते काळीचं रक्त. तोवर चार-पाच माझ्या मनगटावर चढले होते. अंघोळ करून आल्यावरही तासभर खाजवत बसले, त्यातलं अर्धं मनाचं असेल.

हे लाल माईट. आठ पायांचे, कोळ्याच्या गोतातले, एक मिलिमीटरच्या आतबाहेर. उपाशी असताना राखाडी, प्यायले की लाल. अंगावर काहीही चालताना दिसलं की आपण ‘पिसवा झाल्या’ म्हणतो, पण इथे नावाचा फरक कामाचा आहे. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात, त्यामुळे औषध कोंबडीला. लाल माईट रात्री पोट भरण्यापुरते अंगावर येतात आणि दिवसभर फटीत बसतात, त्यामुळे औषध खुराड्याला. मी कोंबडीला जंताचं औषध पाजत होते आणि रोग लाकडात होता.

तिसरा आणि चौथा आठवडा

दांड्या उपसल्या. टोकं जिथे खाचेत बसतात तिथे सिगारेटच्या राखेसारखा थर होता: कात, विष्ठा, अंडी, सगळं एकत्र. खरवडून काढला, उकळतं पाणी ओतलं, उन्हात वाळवलं. तळाचा भुसा सगळा बाहेर. फटींत डायटोमेशिअस अर्थची (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची माती) बारीक पूड भरली. ती वापरताना नाकाला पट्टी बांधा, ती पूड आपल्याही फुप्फुसाला चांगली नाही आणि कोंबड्यांच्या तर नाहीच. सगळं सुकून, धूळ बसल्यावर त्यांना आत सोडा. शेतीचं हाती लागेल ते कीटकनाशक फवारायचा मोह होतो, ताईंनी दटावून थांबवलं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या घरात काय चालेल आणि अंडी किती दिवस टाकायची, हे पशुवैद्यकाला विचारूनच.

कागद तीन रात्री कोरा आला आणि मी खूश होऊन थांबले. ही माझी दुसरी मोठी चूक. उबेत यांची अंडी ते पूर्ण वाढ हा सगळा फेरा आठवडा-दीड आठवड्यात पुरा होतो, आणि खोल फटीत राहिलेली अंडी पहिल्या धुलाईतून वाचतात. नवव्या रात्री कागदावर पुन्हा दोन रेघा. आता वहीत आधीच तारखा घालून ठेवल्यात: दर पाच दिवसांनी, चार वेळा, कागद कोरा आला तरी. ‘काही दिवस कोंबड्या दुसरीकडे हलव, उपाशी मरतील’ असं एकानं सुचवलं होतं. नाही मरत. रक्ताविना हे किडे कित्येक महिने तग धरतात.

दांड्या आता भिंतीत घुसवलेल्या नाहीत. दोन्ही टोकांना पाय आहेत आणि प्रत्येक पाय तेलाच्या वाटीत. दिसायला विचित्र आहे. पण भिंतीपासून सुटी असलेली दांडी हा मला या सगळ्या उद्योगातला सगळ्यात फायद्याचा बदल वाटतो.

पाचवा आठवडा

आता सल्ला द्यायची पाळी माझ्यावर. नव्यानं सुरुवात केलेल्या एका पोराचा फोन: ‘‘ताई, पिल्लं फुगून बसलीत, पंख खाली सोडलेत, शिटेत रक्त आहे. कुठलं अँटिबायोटिक देऊ?’’

जिभेवर आलेलं नाव गिळलं आणि ताईंसारखे प्रश्न विचारले. वय? पाच आठवडे. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा हातात दाबला तर गोळा होतो का? होतो. नीट होतो. मग आधी रक्ती हगवणीचा संशय. तिचा जंतू एकपेशीय परजीवी आहे, साध्या अँटिबायोटिकनं तो हटत नाही. शिटेतून पडलेली त्याची अंडी लगेच रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, पिल्लू ती टिपतं आणि आठवड्याभरात त्याच्या आतड्यातून हजारो नवी बाहेर पडतात. फिनाइल ओतून ती मरत नाहीत. कोरडेपणाला मात्र ती भितात.

शीट तपासायला पशुवैद्यकाकडे नेली, सूक्ष्मदर्शकाखाली तेच निघालं, पाण्यातून अँप्रोलियम सुरू झालं. दोन दिवसांनी पुन्हा फोन, फारसा उतार नाही. काय काय देतोस ते सगळं सांग म्हटलं, तर हा प्रेमापोटी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सही घालत होता! अँप्रोलियम हे रचनेनं बी-१ व्हिटॅमिनसारखं असतं. परजीवी त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी पडतो, हीच औषधाची सगळी युक्ती. वरून खरं बी-१ घातलं की औषधाचा जोर गेला. व्हिटॅमिन कोर्स संपल्यावर द्यायचं. बी-कॉम्प्लेक्स थांबवलं, भांडं विटांवर चढवून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणलं, ओला भुसा काढला. दोन पिल्लं गेली, नऊ उठली. दोन गेली याबद्दल तो अजून स्वतःला बोल लावतो. मी त्याला काळीची गोष्ट सांगितली, जंताच्या औषधासकट.

सहावा आठवडा

लंगडी नावाच्या कोंबडीच्या तळपायाला काळी खपली आणि खाली टणक गाठ. दांडीवरून उंच उडी, खाली कडक जमीन, जखमेत जंतू. लवकर दिसली म्हणून कोमट पाण्यात पाय भिजवणं, पट्टी आणि दांडी खाली आणणं यावर निभावलं. मोठी झाली असती तर घरी चिरफाड केली नसती, तुम्हीही करू नका.

एका ओळखीच्यांनी ‘तुझ्याकडे सुखात राहील’ म्हणून एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणून दिली. देखणी. टोपलीतून काढली तोच शिंकली, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. त्यांना हे माहीत होतं की नाही, विचारलं नाही, पण राग आला. असा फेस बऱ्याचदा मायकोप्लाझ्माचा, म्हणजे श्वासाचा रोग करणाऱ्या एका जंतूचा असतो. औषधानं पक्षी बरा दिसतो, पण जंतू अंगात राहतो, आयुष्यभर, आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या पिंजऱ्यात आहे. तिचं भांडं, चपला, झाडू सगळं वेगळं, आणि तिचं काम नेहमी शेवटी. नवीन पक्षी ३० दिवस वेगळा हा नियम मी एरवी पंधरावरच सोडायचे, ते बंद. तपासणीत मायकोप्लाझ्मा निघाला तर ती कळपात मिसळणार नाही, मग ती कितीही देखणी असो.

याच आठवड्यात दुसऱ्या एकीची तलंग एक पाय पुढे, एक मागे पसरून पडली. तिला तीन जणांनी कॅल्शियम सुचवलं होतं. ही ठेवण मारेकच्या रोगाची, म्हणजे विषाणूनं येणाऱ्या लुळेपणाची, ओळखीची खूण. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्यकानं १९०७ साली कोंबड्यांमधल्या या लुळेपणाचं वर्णन केलं. यावर औषध नाही, लस पिल्लू निघाल्या दिवशी टोचायची. लस गाठी आणि लुळेपणा रोखते, संसर्ग रोखत नाही, त्यामुळे बाकीच्या कळपात तो आहेच असं धरून चालायचं. मी तिला कॅल्शियम नाही, पशुवैद्यकाचा रस्ता दाखवला. माना वळणं, तुरा निळा पडणं किंवा एका रात्रीत दोन-चार मरणं असं दिसलं तर मला फोटोही पाठवू नका. मेलेला पक्षी उघडू नका, कुणाकडे येजा करू नका, थेट सरकारी पशुवैद्यकाला कळवा. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असेल तर आपल्या चपलाच तो दुसऱ्याच्या अंगणात पोचवतात.

आजची स्थिती: अंडी पाच, काल सहा. काळीचा तुरा गुलाबी, लाल म्हणायला अजून अवकाश आहे. संध्याकाळी सगळ्या आपणहून आत गेल्या, मी फक्त दार लावलं. रात्री दहाला कागद फिरवला. मधल्या दांडीखाली अर्ध्या इंचाची एक रेघ आहे. चौथी धुलाई उद्या सकाळी.