मुलगी पाय आत टाकून चालते म्हणून

आमच्या मुलीला चौथे वर्ष लागले तेव्हा तिची दोन्ही पावले आत वळून पडतात हे अंगणवाडीच्या ताईंनी प्रथम स्पष्ट बोलून दाखवले. घरात ते सर्वांनाच दिसत होते. परंतु ‘मोठी झाली की होईल सरळ, चालू दे की’ असे सासूबाई म्हणत आणि विषय तिथेच थांबे. धावताना ती स्वतःच्याच पायात पाय अडकून पडे, आणि एका गुडघ्याची खपली पडते न पडते तोच दुसरा फुटलेला असे.

आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहतो. येथील अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी येते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले येतात आणि अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासावे असा नियम आहे. पथकातील डॉक्टरांनी मुलीला चालायला लावले, कार्डावर काहीतरी लिहिले आणि बेळगावला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या असे सांगितले. पावलांचे वेगळे डॉक्टर परदेशात असतात असे ऐकले आहे. आपल्याकडे मुलांच्या पायांचे काहीही असले तरी बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांच्याच दारी जावे लागते.

ते कार्ड घेऊन जाण्याआधी ओळखीच्या माणसाने सुचवलेल्या एका खासगी दवाखान्यात आम्ही गेलो. तेथे मुलगी माझ्या मांडीवरच बसलेली होती, तिच्या पायातील सँडलही कोणी काढायला सांगितले नाहीत, आणि तरीही ‘फ्लॅट फूट आहे, खास बूट आणि आतले पॅड लागतील’ असे लिहून मिळाले, सोबत दुकानाचा पत्ताही मिळाला. बुटांची किंमत ऐकून माझे यजमान गप्प झाले. मला किमतीपेक्षा दुसरी गोष्ट खटकली: जिच्या चालण्याची तक्रार होती तिला कोणी चार पावलेही चालायला लावली नव्हती. बूट घेण्यापूर्वी दुसरा सल्ला घ्यायचा असे मी ठरवले.

बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर कन्नडमध्ये होता. रांगेतल्या एका मुलीने तो भरून दिला. अस्थिरोग विभागात लहान मुले पाहणाऱ्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. बाळंतपण पूर्ण दिवसांचे होते का, जन्मल्यावर लगेच रडली का, केव्हा बसू लागली, केव्हा चालू लागली, घरात आणखी कोणी असे चालत होते का. (माझे यजमान लहानपणी असेच चालत, हे सासूबाईंनी त्या दिवशी प्रथमच सांगितले.) त्यानंतर पायातले काढून तिला बाहेरच्या लांब व्हरांड्यात पाठवले. सहायक परिचारिका पुढे उभी राहून ‘नडी पुट्टी, नडी’ (चाल बाळा, चाल) म्हणत होती आणि डॉक्टर मागे खाली बसून पाहत होते. मीही त्यांच्याशेजारी वाकले तेव्हा त्यांनी मला पावलांकडे नव्हे, गुडघ्याच्या वाट्यांकडे पाहायला सांगितले. चालताना दोन्ही वाट्या एकमेकींकडे तोंड करून होत्या. वाट्या समोर राहून केवळ पाऊल आत गेले असते, तर दोष नडगीच्या हाडाच्या पिळात किंवा पावलातच शोधावा लागला असता. वाट्याच आत वळत होत्या, याचा अर्थ वळण वर, मांडीच्या हाडात होते.

मग तिला टेबलावर पालथे झोपवून गुडघे काटकोनात वाकवले आणि पावले बाहेरच्या बाजूला पडू दिली. पालथे असताना पाऊल बाहेर गेले की मांडी आत वळते. ती इतकी सहज बाहेर पडली की मी दचकलेच. डॉक्टरांनी सांगितले त्याप्रमाणे जन्मतः मांडीच्या हाडाचा हा पीळ सुमारे ४० अंश असतो आणि वाढीच्या वयात कमी होत मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतो. काही मुलांत हे उलगडणे सावकाश होते, तीन ते सहा या वयात ते सर्वांत अधिक डोळ्यांत भरते आणि बहुतेकांचे आठ ते दहा वर्षांपर्यंत आपोआप सुधारते. त्यांनी दोन्ही पायांची लांबी, खुब्यांची हालचाल आणि पाठीचा कणा पाहिला. तिला जमिनीवर बसवून उठायला लावले आणि उठताना मांडीवर हात टेकून ती स्वतःला वर ढकलते का, हे मुद्दाम पाहिले, कारण तसे उठणे स्नायूंच्या दुबळेपणाची खूण असू शकते. एक्स-रे काढला नाही.

सपाट तळव्याचाही उलगडा तेथेच झाला. मुलीला चवड्यांवर उभे केले तेव्हा तळव्याच्या आतल्या बाजूला कमान स्पष्ट उभी राहिली. घरी येऊन मी न्हाणीघराबाहेरच्या शहाबादी फरशीवर तिचा ओला पाय उमटवला, तो सबंध भरलेला ठसा होता; पण तीच टाचा उचलून उभी राहिली की कमान दिसे. असा लवचिक सपाट तळवा लहान मुलांत नेहमीचा असतो. तो दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाहीत, आणि बुटांनी किंवा पॅडने कमान घडत नाही. डॉक्टरांनी कर्नाटकातल्या एका पाहणीचा उल्लेख केला, ती मी पुढे शोधून वाचली. राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या त्या पाहणीत ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के निघाले, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. आपल्याच राज्यातली ही पाहणी इतकी जुनी असूनही चार वर्षांच्या मुलांना महागडे बूट लिहून दिले जातात याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

अनवाणी वावरण्याचा सल्ला मात्र मी तारतम्याने पाळला. घरात आणि कोरड्या अंगणात ती अनवाणी खेळते. पण आमच्याकडचा पावसाळा आणि गोठ्याभोवतीचा चिखल पाहता बाहेर पायात काहीतरी हवेच, कारण अंकुशकृमी हा जंत तळव्याच्या कातडीतूनच शरीरात शिरतो. तिच्या आजोबांनी हौसेने निपाणीहून छोटी कोल्हापुरी चप्पल आणली होती. कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे आमच्या घरी तिचा अभिमान थोडा जास्तच. परंतु मागे पट्टा नसलेली चप्पल सावरण्यासाठी मूल बोटे आवळून चालते आणि आधीच अडखळणारे मूल अधिक पडते. ती सणासुदीसाठी ठेवली आणि रोजच्यासाठी मागे पट्टा असलेले, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे, बोटांपाशी वाकणारे साधे सँडल घेतले.

बाकी उपचार म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे, आणि हेच घरच्यांना पटवणे सर्वांत अवघड गेले. औषध नाही, पट्टा नाही, बूट नाहीत, तर मग एवढे बेळगावला जाऊन केले काय, असा प्रश्न शेजारपाजारहूनही आला. दोन्ही पाय मागे टाकून बसण्याच्या तिच्या सवयीवरून तिला सतत टोकले जाई. डॉक्टरांच्या मते ती सवय पीळ आधीच असल्यामुळे सोयीची वाटते, तेव्हा आठवण करून द्यावी, रागावू नये. मी दर तपासणीपूर्वी त्याच अंगणात, समोरून आणि मागून, तिच्या चालण्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवते. डॉक्टर मागचे आणि आताचे शेजारी लावून पाहतात. अलीकडच्या चित्रणात वाट्या पूर्वीइतक्या आत नाहीत. दमली की संध्याकाळी पावले अजून वळतात.

याच डॉक्टरांकडे नंतर मी नणंदेच्या मुलाला नेले. तो पाच वर्षांचा, आणि चवड्यांवर चालतो एवढीच घरची तक्रार होती. तोही आपोआप टेकेल अशीच सर्वांची समजूत होती. पण त्याची टाच एकाच पायाची उचललेली राहत होती, आणि झोपवून पाऊल वर वाकवायला गेले तर पोटरी ताठ लागत होती. एका बाजूचा दोष, दुखणे, लंगडणे, वाढत जाणारे वळण किंवा आधी जमणारी गोष्ट न जमणे, यांपैकी काही असले की वाट पाहायची नसते, असे त्यांनी सांगितले आणि त्याच दिवशी त्याला मेंदूविकारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे चिठ्ठी दिली. आता तो पोटरी ताणण्याचे व्यायाम करतो आहे. त्याने पुरेसे सैल झाले नाही तर प्लास्टर घालून स्नायू हळूहळू लांबवण्याचा विचार पुढच्या भेटीत होणार आहे.