तीन पाण्यांनी धुतलेला पालक

आमच्याकडे पालक तीन पाण्यांनी धुतात. पहिलं साधं, दुसरं मिठाचं, तिसरं परत साधं. हा सासूबाईंचा नियम, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, आणि कारण विचारलं की त्या खिडकीतून नुसता हात दाखवतात, रुळांच्या दिशेने. आम्ही कळव्याला राहतो. लोकलने रोज जाणाऱ्यांना सांगायला नको, रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा, भेंडी कशी तरारलेली असते आणि तिच्या बाजूने कसलं पाणी वाहत असतं.

गेल्या आठवड्यात मी घाईघाईत स्टेशनबाहेरून एक जुडी उचलली. आई म्हणाल्या, "अगं ही रुळाकडचीच दिसतेय. असू दे, नीट धुऊ, निघून जाईल सगळं." आता मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये पाण्याचे आणि मातीचे सॅम्पल तपासते, शिसं, कॅडमियम, निकेल हेच दिवसभर, त्यामुळे तोंडातून पटकन गेलंच की आई, जे मुळांतून वर चढलंय ते नळाखाली कसं निघणार? झालं. जेवणं होईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

मग रविवारी मी एक उद्योग केला. मोड आणायला ठेवलेली मेथी होती, बोटभर पांढरी मुळं फुटलेली. माशांच्या टाकीत टाकतात ते मिथिलीन ब्लू ॲक्वेरियमवाल्याकडून आणलं, ग्लासभर पाण्यात चार थेंब, त्यात मेथी दहा मिनिटं. बाहेर काढली तर मुळं गडद निळी. नळाखाली धरली, चोळली, परत धरली, पहिल्यांदा थोडं निळं पाणी गेलं आणि मग निळा रंग तसाच. आई येऊन बघून गेल्या. "उजाला ओतलास का गं मेथीवर?"

ही गंमत का होते, तर मुळाच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं. तेच, पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारं. या पेक्टिनवर जागोजाग कार्बोक्सिल गट असतात, त्यांच्यावर ऋण भार, आणि मिथिलीन ब्लूचा कण धन भाराचा, म्हणून तो तिथे जाऊन चिकटतो. शिसं, तांबं, कॅडमियम, जस्त हे सगळे मातीतल्या पाण्यात विरघळले की धन भाराचेच, तेव्हा तेही तिथेच जाऊन बसतात. मुळाच्या टोकाला जो बुळबुळीत थर असतो ना, त्यातही असंच काहीसं असतं. म्हणजे झाडाने काही ठरवायच्या आधी, पेशीच्या आत काही शिरायच्या आधीच, अर्धा व्यवहार भिंतीवर झालेला असतो. द्विदल झाडांच्या मुळांवर, म्हणजे मेथी पालक वगैरे, अशा जागा गवतवर्गातल्या पिकांपेक्षा जास्त असतात.

मग मी तीच निळी मेथी व्हिनेगरमध्ये बुडवली. हळूहळू निळं सुटायला लागलं. आम्लात हायड्रोजनचे कण खच्चून भरलेले असतात, ते त्या जागा बळकावतात आणि आधी बसलेल्याला उठावं लागतं. मातीतही असंच होतं. चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा यांच्यावरही ऋण भार असतो, तेही धातू धरून ठेवतात, पण जमीन आम्ल झाली, पीएच उतरला की धरलेलं सुटतं आणि मुळांच्या हाती लागतं. शेतात चुना टाकला की कॅडमियम कमी उचललं जातं, ते यामुळेच.

इथपर्यंत मी अगदी जिंकल्यासारखी सांगत होते. पण धातू धातूत फरक आहे, आणि तो सांगताना माझीच पंचाईत झाली.

शिसं घ्या. शिसं म्हणजे दारात आलेला आणि ओट्यावरच बसकण मारणारा पाहुणा. पेक्टिनला ते इतकं घट्ट धरतं की बहुतेक झाडांत मुळांनी उचललेल्या शिशातलं बरंचसं मुळांतच राहतं, पानापर्यंत फार थोडं पोचतं. त्यापुढे आतल्या बाजूला कॅस्पेरियन पट्टी असते, कॅस्पारी नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून, पाणी न झिरपू देणारा गिलावा मारलेली एक रिंग. पेशींच्या भिंतीभिंतीतून पाझरत आलेल्या पाण्याला ही अडवते, पुढे जायचं तर पेशीच्या आतून, म्हणजे तिच्या पडद्यावरच्या दारांतूनच जा. मुळाच्या अगदी कोवळ्या टोकाला आणि नवीन फाटा फुटतो तिथे मात्र या पट्टीत फटी असतात, तिथून थोडं सटकतं.

कॅडमियम वेगळं. रसायनाच्या दृष्टीने ते जस्ताचं जवळचं भावंड. झाडाला जस्त, लोह, मँगनीज हवंच असतं आणि त्यासाठी पडद्यावर खास दारं असतात, कॅडमियम त्यांच्यातूनच आत शिरतं. सोसायटीच्या गेटवर कुरियरवाल्यासारखी बॅग लटकवून कोणीही आत येतो ना, तसं. भातात तर ते मँगनीजच्या दारातून येतं. आणि झाड लोहाला उपाशी असलं की ती दारं आणखी जास्त उघडतं. आत गेल्यावर झाड गप्प बसत नाही हां. गंधक असलेले छोटे प्रथिनासारखे धागे, फायटोकेलॅटिन, बनवून कॅडमियमला बांधतं आणि पेशीतल्या पोकळीत, व्हॅक्युओलमध्ये, कोंडून टाकतं. हे धागे १९८५ मध्ये सापडले. मुळात जेवढं कोंडता आलं तेवढं तिथेच राहतं, उरलेलं पाण्याबरोबर वर. आणि पाणी सगळ्यात जास्त कुठे उडून जातं? पानांतून. म्हणून पालेभाजीत ते जास्त. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतून आलेलं कॅडमियम भातातून लोकांच्या हाडांपर्यंत गेलं, त्या आजाराचं नावच इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय, १९६८ मध्ये तिथल्या सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. कोडेक्समध्ये, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमपर्यंत आणि शिसं ०.३ पर्यंत चालतं. आकडे जवळजवळ सारखे, पण दोघांची पानात यायची वाट किती वेगळी.

कारण पानावर शिसं सापडतं ते बरेचदा मुळांतून आलेलंच नसतं. धूळ असते. आपल्याकडे शिसेवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं कुठे जाणार, ते उडतं आणि पानाच्या सुरकुत्यांत बसतं. आणि धूळ धुतली की जाते. म्हणजे शिशाच्या बाबतीत तीन पाणी बरोबर! मी हे स्वयंपाकघरात कबूल केलं तेव्हा आईंनी फक्त "हं" केलं, पण ते हं मला अजून ऐकू येतंय. कॅडमियमला मात्र तीन काय, तेरा पाणी घाला.

माझं माहेर घणसोलीचं, आजोबांची भातशेती होती, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आधीची. आमच्या वाट्याला शेवटी एक छोटा तुकडा उरलेला, त्यात लहानपणी भात कापून झाल्यावर आम्ही धसकटं उपटून खेळायचो आणि मुळं तांबडी, गंज चढल्यासारखी. तो खरंच गंजच होता हे मला एमएस्सीला कळलं. भाताचं रोप पानातून मुळांपर्यंत हवा पोचवतं, तिथून थोडा ऑक्सिजन चिखलात झिरपतो, आणि चिखलात विरघळलेलं लोह तिथेच गंजून मुळावर थर बसतो. हा थर आर्सेनिक आणि इतर बरेच धातू धरून ठेवतो. पण साचलेल्या पाण्यात आर्सेनिकचं जे रूप तयार होतं ते भाताच्या मुळात सिलिकॉनच्या दारातून शिरतं, तिथे भार बिर काही लागत नाही. आणि कॅडमियमचं उलट, पाणी भरलेलं असलं की ते गंधकाबरोबर बांधलं जातं, पाणी काढलं की सुटतं. म्हणजे एकाला आवरायला पाणी काढा तर दुसरा मोकळा. शेतकऱ्याने करायचं काय?

असो. काल आई स्वतः बाजारात गेल्या. पालक आणला, आणि यावेळी मुळांसकट. "मुळात अडकतं म्हणालीस ना, मग मूळ बघून आणलं," म्हणे. भाजीवालीला विचारलं कुठला, तर नाशिकचा. कळव्याच्या बाजारात आजवर मला कोणी रुळाकडचा पालक विकलेला नाही, सगळा नाशिकचाच असतो. मी दोन मुळं कापून पिशवीत घातली, सोमवारी लॅबमध्ये नेते. आई तोपर्यंत तिसरं पाणी काढत होत्या.