आमची वाटचाल : जुनी ई-क्लास, तिची दुखणी आणि त्यांचा खर्च

पुण्यात मर्सिडीज दुरुस्त करणं हे तसं घरचंच काम. १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ई-क्लासची जोडणी सुरू झाली आणि २००९ मध्ये कारखाना चाकणला आला. या गाड्या पहिल्या मालकाकडे असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात, मग दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातात. भोसरीतलं आमचं गॅरेज उभं राहिलं ते या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या जोरावर. नवी असताना तीस-चाळीस लाखांची असलेली गाडी आज चार-पाच लाखांत मिळते, पण तिचे सुटे भाग चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. घेणाऱ्याच्या हे लक्षात येतं पहिलं मोठं बिल हातात पडल्यावर.

आम्ही मुख्यतः दोन पिढ्या हाताळतो : २००२ ते २००९ची डब्ल्यू-२११ आणि २००९ ते २०१६ची डब्ल्यू-२१२. पुढे दिलेले खर्च आमच्या बिलांवरचे, मजुरी धरून आणि जीएसटी सोडून आहेत. शहर, माल आणि डॉलरचा भाव यांप्रमाणे ते खाली-वर होतात.

सुरुवातीला आम्ही इतर गॅरेजांसारखंच काम करायचो. स्कॅनर लावायचा, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचा, कोडमध्ये नाव येईल तो भाग बदलायचा. या गाडीवर ही पद्धत फार महाग पडते. बॅटरीचा दाब पडला की एकेक कंट्रोल युनिट आपापली तक्रार नोंदवतं आणि स्कॅनरवर वीस-पंचवीस कोडांची यादी उभी राहते. त्यातले खरे दोन असतात, बाकीचे नुसते कमी व्होल्टेजमुळे आलेले. म्हणून आता कुठलीही गाडी आली की पहिलं काम बॅटरीचं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, आणि लोड टेस्टरवर दाब कोसळता कामा नये. बॅटरी ९५ अँपिअर-अवरची एजीएम (अ‍ॅसिड चटईत शोषून ठेवणारी) असते आणि डिकीच्या तळाखाली बसते. तिथे स्वस्त साधी बॅटरी बसवलेली अनेकदा सापडते, तीही व्हेंटची नळी न जोडता, म्हणजे चार्जिंगचा वायू बंद डिकीत साठत राहतो. चांगली बॅटरी १८ ते २५ हजारांना येते. ती बसवायची, कोड पुसायचे, गाडी ५० किलोमीटर चालवायची आणि मग पुन्हा स्कॅन करायचं. जे कोड परत येतात त्यांच्यावर काम सुरू होतं.

रोजचं काम म्हणाल तर सस्पेन्शनचं. आपल्या रस्त्यांवर पुढचे आर्म (चाकाला धरणारे दांडे) आणि बुश (त्यांच्या टोकाचे रबरी सांधे) ६० ते ७० हजार किलोमीटरमध्ये बोलायला लागतात. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना कट्‌कट् आवाज, ब्रेक मारताना स्टिअरिंगला थरथर, टायर आतल्या कडेने झिजणं ही त्याची लक्षणं. पुढचा दोन्ही बाजूंचा संच चांगल्या मालात, व्हील अलाइनमेंट धरून ४५ ते ६५ हजारांत होतो. नवे बुश सहा महिन्यांत फाटले अशी तक्रार घेऊन गाड्या येतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, घट्ट करण्याच्या पद्धतीचा असतो. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले की बुशचं रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी खाली आली, वजन बसलं की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि खड्ड्यागणिक फाटत जातं. बोल्ट आधी नुसते धरायचे, मग चाकाखाली आधार देऊन गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर आणायची आणि तेव्हाच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. वीस मिनिटं जास्त लागतात. आमच्याकडे ही पायरी जॉबकार्डवर वेगळी छापलेली आहे आणि फिटरची सही घेतल्याशिवाय गाडी अलाइनमेंटला जात नाही.

इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग, हे दुसरं नेहमीचं. या माउंटिंगच्या पोटात तेल असतं. ते गळून गेलं की इंजिन थोडं खाली बसतं. गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून, ब्रेक दाबून, एसी चालू ठेवून उभं राहा. सीट थरथरली आणि एन (न्यूट्रल) मध्ये टाकताच शांत झाली, तर फाउंडेशन गेलं असं समजायला हरकत नाही. इंजिनची दोन आणि गिअरबॉक्सचं एक अशी तिन्ही एकदम बदलावीत. खर्च २५ ते ३५ हजार.

डिझेलमध्ये ई २२० सीडीआयचं जुनं चार सिलिंडरचं इंजिन, म्हणजे ओएम ६४६, सगळ्यात सोशिक. त्याचं एक दुखणं मात्र वेळीच ओळखावं लागतं. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा छोटा वॉशर असतो, तो सुटला की थंड इंजिनवर फुस्स-फुस्स असा ठेका ऐकू येतो आणि बॉनेट उघडलं की जळक्या डिझेलचा वास येतो. त्याच वेळी आणलं तर वॉशर आणि नवा स्ट्रेच बोल्ट घालून काम काही हजारांत सुटतं. जुना बोल्ट एकदा ताणलेला असतो, तो परत वापरायचा नाही. वर्षभर तसंच चालवलं तर इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमून दगड होतो. मग इंजेक्टर ओढून काढायला हायड्रॉलिक पुलर लागतो, बसायची जागा कटरने साफ करावी लागते, आणि एखादा इंजेक्टर मोडला तर बिल चाळीस-पन्नास हजारांवर जातं.

आमच्या गॅरेजला खरं वळण लावलं ते व्ही-सिक्स डिझेलने, ओएम ६४२ ने. ई २८० सीडीआय आणि ई ३५० सीडीआयमध्ये हेच इंजिन आहे. या गाड्या गिअरबॉक्सच्या घंटीजवळून (इंजिनला जोडलेल्या घंटेसारख्या भागाजवळून) तेल गळतंय म्हणून येतात आणि बरोबर दुसरीकडचं एस्टिमेट असतं : मागचा क्रँक ऑइल सील (इंजिनच्या मुख्य दांड्याभोवतीचं रबरी कडं), गिअरबॉक्स उतरवायचा. सील बदलूनही गळती तशीच राहिलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. तेल खालून दिसतं, पण येतं वरून. इंजिनच्या दोन बाजूंमधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलेला असतो आणि त्याखाली दोन सील असतात. तिथून झिरपलेलं तेल खोबणीत साचतं, मागच्या बाजूने गिअरबॉक्सच्या घंटीवर ओघळतं आणि नेमकं क्रँक सील गळल्यासारखं दिसतं. खात्री करायला तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाकायचा, गाडी शंभरेक किलोमीटर चालवायची आणि निळ्या टॉर्चखाली लवचीक आरसा घेऊन खोबणीची मागची कड पाहायची. वरून चमकदार रेघ उतरताना दिसली की निदान पक्कं.

काम लांबलचक आहे. हवेचे पाइप, टर्बो, दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड हे सगळं काढल्यावर कूलर हाताला लागतो. काढलेला जुना सील नारंगी असतो. नखाने दाबला तर दबत नाही, फळीसारखा चपटा झालेला, वाकवला की कडेला चिरा दिसतात. नंतर बदलून आलेला सील जांभळ्या रंगाचा आणि उष्णतेला टिकणाऱ्या रबराचा आहे. बाजारात अजून नारंगी सील स्वस्तात देणारे भेटतात, ते घेऊ नयेत. सीलची किंमत काही हजार आणि मजुरी दोन पूर्ण दिवसांची. मॅनिफोल्ड आणि टर्बोची गॅस्केटं, तेल, कूलंट धरून ४५ ते ७० हजार होतात. टर्बो निघालेला असतो तेव्हाच त्याच्या तोंडाचा सील बदलून घ्यावा, कारण तिथून थेंब-थेंब पडणारं तेल खालच्या स्वर्ल फ्लॅपच्या (आत येणाऱ्या हवेला वळण देणाऱ्या पडद्यांच्या) मोटरवर जातं, मोटर मरते आणि गाडी लिम्प मोडमध्ये (इंजिनची ताकद कमी करून चालायच्या स्थितीत) जाते. मोटर तपासायला पुन्हा तोच टर्बो काढायचा म्हणजे मजुरी दुप्पट.

डब्ल्यू-२१२ मधल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनची, ओएम ६५१ ची टायमिंग साखळी मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आली तर साखळी ताणून धरणारा टेन्शनर आधी पाहावा. कूलंट कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही असं असेल, तर वॉटर पंपाची व्हॅक्युम नळी काढून ती आतून ओली आहे का पाहायचं. ओली असेल तर पंप लगेच बदला, कारण ते पाणी नळीवाटे दुसऱ्या व्हॉल्व्हांपर्यंत पोचतं. इंजिन ऑइल साडेसहा लिटर, मर्सिडीजच्या २२९.५१ किंवा २२९.५२ मंजुरीचं. कंपनी काहीही सांगो, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते दहा हजार किलोमीटरला बदलावं.

गिअरबॉक्सबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त चुकीची माहिती आहे. 'सीलबंद आहे, तेल बदलायचं नसतं' हे वाक्य आम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दर ६० हजारांना तेल, फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट बदलावं. जुन्या पाच गिअरच्या ७२२.६ मध्ये तेरा पिनांच्या प्लगभोवती एक बुश असतो, त्याचे ओ-रिंग सुकले की तेल वायरींच्या आतून चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. बुश हजार-दीड हजाराचा असतो. कंट्रोल युनिटचा प्लग काढून पिनांना कागद लावायचा. लाल डाग पडला, म्हणजे तेल पोचलंय, पण युनिट अजून चालतंय तर गाडी वेळेत आली असं म्हणायचं. ७२२.६ मधल्या तेलाची पातळी ते ८० अंशांवर असताना वर्कशॉपच्या लांब डिपस्टिकने पाहतात, गाडीत डिपस्टिक दिलेलीच नाही. सात गिअरच्या ७२२.९ मध्ये पातळी ४५ अंशांवर, खालच्या ओव्हरफ्लो नळीतून ठरते. अंदाजाने 'जेवढं काढलं तेवढं घातलं' करणाऱ्यांमुळे चांगले गिअरबॉक्स झटके देऊ लागतात. ७२२.९ मध्ये स्पीड सेन्सर गिअरबॉक्सच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल प्लेटवरच असतात. एक गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. सेन्सर बदलून प्लेट दुरुस्त होते, ३५ ते ५० हजारांत. नवी प्लेट कोडिंगसह (गाडीच्या संगणकाशी जुळवून घेण्यासह) लाखाच्या वर जाते. जुन्या मालाच्या बाजारातली प्लेट आणून बसवू नका. ती दुसऱ्या गाडीला बांधलेली असते आणि नुसती लावून चालत नाही.

एका कामाबाबत आम्ही ठाम आहोत. २००६ च्या फेसलिफ्टपर्यंतच्या (मॉडेलमधल्या मधल्या सुधारणेपर्यंतच्या) डब्ल्यू-२११ मध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. तिचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला हे मोजतं आणि ठरलेला आकडा गाठल्यावर लाल इशारा देतं. काउंटर मागे करून द्या अशी मागणी होते. आम्ही ते करत नाही, कारण मोजलेली असते ती पंपाची झीज. नवं युनिट लाखांत जातं. अशा गाडीत ब्रेक पॅडसुद्धा स्कॅनरने यंत्रणा झोपवल्याशिवाय बदलायचे नाहीत. दार उघडलं तरी पंप जागा होऊन दाब भरतो आणि कॅलिपरमध्ये बोटं सापडतात. घ्यायचीच असेल तर फेसलिफ्टनंतरची डब्ल्यू-२११ घ्या, हा आमचा सल्ला प्रत्येकाला असतो.

जून लागला की कामाचा रंग बदलतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीत पाला साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी आत उतरून कार्पेटखालच्या वायरिंगमध्ये जातं. वरून कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम मात्र पिळला की पाणी निथळतं. सनरूफच्या चारही नळ्या गवत कापायच्या मशिनच्या नायलॉन दोरीने हळूच मोकळ्या कराव्यात. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि पाणी थेट छताच्या कापडात येतं. मे अखेरीस ही सफाई दीड हजारात होते. भिजलेलं सॅम मॉड्यूल (दिवे-वायपरसारख्या गोष्टींना वीज वाटणारं कंट्रोल युनिट) बदलायचं तर कोडिंगसह ४० ते ६० हजार.

मालाच्या बाबतीत आम्ही एस्टिमेटवर तीन रकाने करतो : कंपनीच्या डब्यातला, तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या डब्यातला, आणि बाकीचा. आर्मसाठी लेमफर्डर, शॉकसाठी साक्स, फिल्टरसाठी मान अशी नावं दुसऱ्या रकान्यात येतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबावं. कुर्ल्याच्या जुन्या मालातून आरसे, दिवे, दाराचे पत्रे जरूर आणावेत. रबर, पंप किंवा ब्रेकचा कुठलाही भाग तिथून घेऊ नये. काढलेला जुना भाग आम्ही डिकीत ठेवून देतो, मागितला नाही तरी.

गाडी घेण्याआधीची तपासणी हे आता आमचं सगळ्यात समाधानाचं काम आहे. साडेतीन हजार रुपये आणि अडीच तास. अट एकच, इंजिन पूर्ण थंड असताना गाडी आणायची, कारण साखळीची खडखड, इंजेक्टरचा फुस्स आणि गिअरचा पहिला झटका गरम गाडीत लपतात. काही मॉड्यूल कोड नोंदवताना तेव्हाचे किलोमीटरही नोंदवतात. मीटरवर ६५ हजार आणि जुन्या कोडावर १ लाख १२ हजार दिसले की पुढची बोलणी आपोआप बदलतात. घेणाऱ्याने किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. तेवढे पैसे नसतील तर ती गाडी घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग त्या दिवशी आमचं काम गेलं तरी चालेल.

सध्या बीएस-६ डिझेलच्या ई २२० डी वॉरंटीबाहेर येऊ लागल्या आहेत. यांत अ‍ॅडब्लूची (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी, इंजेक्टर आणि नॉक्स सेन्सर (ते ऑक्साइड मोजणारा) असा नवा संसार आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत अ‍ॅडब्लूचे पांढरे खडे होऊन इंजेक्टरचं तोंड बुजतं, आणि अ‍ॅडब्लूचा इशारा दुर्लक्षिला तर ठराविक किलोमीटरनंतर गाडी सुरूच होत नाही. हे खडे कोमट पाण्यात विरघळतात, म्हणून इंजेक्टर बदलण्याआधी तो काढून कोमट पाण्यात भिजवायचा, ही पायरी आमच्या जॉबकार्डवर मागच्याच महिन्यात छापली गेली.