सीतेची आसवं: ट्रे शेवाळाने खाल्ला, चिऱ्याने तारलं

सीतेची आसवं म्हणजे पावसाळ्यात सड्यावर, कोकणातल्या उघड्या कातळपठारावर, फुलणारं आणि चिखलातले सूक्ष्म जीव खाणारं इवलंसं झाड. ते घरी वाढवायला कोकोपीट भरून जो ट्रे केला होता, गेल्या वेळी ज्याचं एवढं कौतुक केलं होतं, तो गेला. आर्द्रात दिसलेली पोपटी छटा रोपांची कमी आणि शेवाळाची जास्त होती. मघा लागेपर्यंत वर काळपट हिरवा, बुळबुळीत थर बसला आणि खालची रोपं गुदमरली.

श्रावणभर याच शेवाळाच्या मागे होतो. सावली करावी तर आसवं फुलत नाहीत, सड्यावर त्यांच्या डोक्यावर एक फांदीसुद्धा नसते. पाणी तोडावं तर या झाडाला मुळंच नाहीत, चिखलातल्या तंतूंवर सगळा संसार. दोन दिवसांच्या उघडिपीत मान टाकतं. औषध मारायचं तर तंतूंवरचे शिकारी फुगे ज्या सूक्ष्म जीवांवर जगतात तेच मरायचे.

मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काढला. पागोळीचं पाणी 12, विहिरीचं 160, आणि ट्रेखालून निथळलेलं 340! दिलं होतं फक्त पागोळीचं, म्हणजे क्षार कोकोपीटमधले. पिशवीवर ‘धुतलेलं’ असं ठळक छापलंय. त्या छपाईवर विसंबू नका. मूठभर बादलीत भिजवा, निथळ मोजा, मगच वापरा. आणि नर्सरीत कुणी गांडूळखत घातलेलं तयार मिश्रण पुढे केलं तर आसवांसाठी अजिबात घेऊ नका. खत म्हणजे शेवाळाला आवतण.

दुसरी गोष्ट सड्यावर बसून कळली. तिथलं पाणी साचल्यासारखं दिसतं, पण गवताची काडी टाकली की हळूहळू सरकते. माझ्या ट्रेमधलं पाणी जागचं हलत नव्हतं.

म्हणून कुंपणाचा उरलेला एक चिरा, जांभ्याचा घडीव दगड, घेतला, छिन्नीने वर बोटभर खोल खळगा केला, एका कडेला खाच पाडली. आत आमच्याच सड्यावरची चाळलेली माती आणि जांभ्याचा भुगा, बाकी काही नाही. पागोळीखाली ठेवला, पण थेंबांच्या माऱ्याने बी उडतं, म्हणून मध्ये फुटकं कौल तिरकं लावलं. पाणी कौलावरून उतरतं, खळग्यातून फिरतं, खाचेतून जातं. बी धुळीसारखं बारीक. नुसतं भुरभुरवलं, वर माती नाही.

आणि परवा फूल आलं! शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया रेटिक्युलाटा, करंगळीच्या नखाएवढं, निळं-जांभळं, मधल्या फुगवट्यावर पांढऱ्यात रेषांची बारीक जाळी, मागे टोकदार शेपूट. दांडा शेजारच्या गवताला वेढे घालून चढलाय, तेव्हा गवत उपटू नका. चिखलाचा कण भिंगाखाली धरला तर तंतूवर पारदर्शक फुगे, त्यातल्या एकात काळा ठिपका अडकलेला. शिकार चालू आहे! शेवाळ फक्त खाचेपाशी, जरासं.

मोठा ट्रे मागवणार होतो, तो बेत रद्द. पुढच्या मृगाला चार चिरे पायरीने लावतो. हे लिहिता लिहिताच सुचलं, की वरच्याची खाच खालच्याच्या खळग्यात सोडली तर एकच पागोळी चौघांना पुरेल. खालच्या पायरीवर गेंद, सड्यावरचंच पांढऱ्या गोंड्यांचं झाड, लावून बघेन.

हस्त सरला की दांडे कागदी पाकिटात वाळवायचे. चिरा मात्र दिवाळीनंतर पूर्ण कोरडा ठेवणार. हे वर्षायू झाड, उन्हाळा बियांनीच काढायचा. चिऱ्यात दवबिंदू, हेही कीटक खाणारं झाड, कुणी वाढवला असेल तर खळगा किती खोल ठेवलात ते सांगा, छिन्नी अजून बाहेरच आहे.