चौदा महिन्यांच्या लेकीला पाठीवर घेऊन कोरीगड

लेक झाल्यापासून गड बंद होते. वर्षभराहून जास्त नुसते दुसऱ्यांचे फोटो बघत होते. शेवटी या जानेवारीत ठरवलं की आता जायचंच, आणि पहिला गड कोरीगडच, कारण पायऱ्या बांधलेल्या आहेत, चढ फार नाही आणि वर गेल्यावर सपाट पठार आहे जिथे पोरीला खाली सोडता येतं. लहान मूल पाठीवर घेऊन जायचा विचार करणाऱ्या आईबाबांसाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा कॅरियर कुठला घ्यावा हेच सगळीकडे होतं, प्रत्यक्ष गडावर काय होतं ते कुणी सांगत नव्हतं.

आधी तयारीबद्दल. फ्रेमवाला कॅरियर, म्हणजे ज्याला खाली स्टँड असतो आणि मूल आत खुर्चीत बसल्यासारखं बसतं, तो मूल आधाराशिवाय नीट बसायला लागल्यावरच वापरायचा, त्याआधी अजिबात नको. आमचा कॅरियर साडेतीन किलोचा, लेक साडेनऊ किलोची, म्हणजे तेरा किलो तिथेच झाले, त्यात दोन लिटर पाणी धरा. म्हणून बाकी सगळं सामान नवऱ्याच्या सॅकमध्ये. आम्ही महिनाभर आधी सराव केला, पहिल्यांदा घरातच अर्धा तास पाठीवर घेऊन फिरले, मग पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग दोनदा तळजाईची टेकडी. पर्वतीवर एक गोष्ट लक्षात आली. खांदे दुखतायत म्हणजे पट्टे चुकीचे लावलेत. आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसवायचा, वजन कमरेवर आलं पाहिजे, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. मी उलट करत होते आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती.

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो, लोणावळ्यातून भुशी डॅमवरून पुढे अँबी व्हॅलीच्या रस्त्याला पेठ शहापूर, पावणेआठला पोचलो. गाडीच्या डिकीच्या काठावर कॅरियर ठेवून लेकीला बसवलं आणि तिथूनच पाठीवर घेतलं, जमिनीवरून उचलण्यापेक्षा हे खूप सोपं पडतं. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं झाडीतली पायवाट आहे. इथे सांभाळा, कारण मुलाचं डोकं आपल्या डोक्यापेक्षा वर असतं, आपण सहज जातो त्या फांदीखाली त्याच्या तोंडाला काटा लागू शकतो. करवंदीच्या जाळ्या आल्या की मी गुडघे वाकवून जात होते. कमरेतून वाकायचं नाही हं, बुटाची नाडी बांधायलासुद्धा नाही, आतला पट्टा सैल असेल तर मूल डोक्यावरून पुढे येऊ शकतं. नाडी नवऱ्याने बांधायची, त्यात लाजायचं काही नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. पायऱ्या सुरू झाल्या, मला घाम फुटला, मी जॅकेट काढून नवऱ्याकडे दिलं आणि मस्त लयीत चढत होते, लेक मागे काहीतरी गात होती, नवरा फोटो काढायला पुढे गेला होता. मधे गुहा आणि गणपतीचं देऊळ लागतं तिथे थांबले तर मागून गावातल्या एक मावशी डोक्यावर ताकाची टोपली घेऊन वर येत होत्या. त्या थांबल्या, लेकीचा पाय हातात धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, लेकराचे पाय गारठलेत की. मोजा कुठं गेला हिचा?"

मी पट्टा सोडून बघितलं तर एका पायात मोजाच नव्हता. पाय हातात घेतला आणि पोटात गोळा आला, फ्रीजमधून काढलेल्या टोमॅटोसारखा गार, बोटं लालसर. आणि मांडीवर पट्ट्याचा वळ उठलेला. ती रडली नव्हती, काही नाही, गातच होती. मला गरम होत होतं म्हणून मी धरूनच चालले होते की तिलाही गरम होतंय. पण चढत मी होते, ती बसून होती! जानेवारीतल्या सकाळच्या वाऱ्यात पाय लटकवून पाऊण तास. मावशींनी टोपली खाली ठेवली, लेकीचे दोन्ही पाय पदरात घेऊन चोळले. "आमी पोरं पाठीशी बांधायचो तवा पाय पोटाशी यायचे, ह्यात लोंबकाळत्यात," असं म्हणाल्या, आणि अगदी खरं आहे ते. पाच मिनिटांत पाय ऊबदार झाले, पण माझा जीव पार रात्रीपर्यंत थाऱ्यावर नव्हता.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत. एक जण कायम मागे चालणार, कारण ज्याच्या पाठीवर मूल आहे त्याला ते दिसतच नाही. छोटा आरसा पट्ट्याला अडकवला तर चेहरा दिसतो, पाय नाही दिसत. दर वीस मिनिटांनी मागच्याने पाय आणि मानेची मागची बाजू हात लावून बघायची, थंडीत आणि उन्हातही, कारण दुपारी उलटं होतं, कॅरियरच्या शेडखाली हवा कोंडते आणि मूल तापतं. आणि पाऊण तासाने मुलाला बाहेर काढायचंच, झोपलेलं असलं तरी, पाय मोकळे झाले पाहिजेत. आपल्याला कपड्यांचे थर कमी लागतात, तिला एक जास्त. मोज्यांवरून पुन्हा लोकरीचे पायमोजे, नाडीने पँटला बांधलेले. पायाला आधाराच्या रिकिबी असतील तर त्यांची उंची नीट लावा, आम्ही लावली नव्हती म्हणूनच मांडीवर वळ आला.

गडावर साडेनऊला पोचलो. मोठा दरवाजा, आत दोन तळी, कोराई देवीचं देऊळ, तोफा आणि गडाला सगळीकडून तटबंदी, तिच्या कडेने पूर्ण फेरी मारता येते. १८१८ मध्ये इंग्रजांचा तोफगोळा दारूकोठारावर पडला आणि गड गेला, ते सगळं नवरा लेकीला सांगत होता, ती तोफेत दगड टाकत होती. तटावरून तुंग, तिकोना मस्त दिसतात. पण तटाच्या कडेला मूल खाली सोडू नका, कठडा काही ठिकाणी अगदी बुटका आहे. देवळापाशी सोडा, तिथे आमची लेक तासभर गवतात रांगली, चालली, पडली. सासूबाईंनी डब्यात मेतकूट-तूप-भात दिला होता, थर्मासमधलं गरम पाणी घालून कालवला की तिथेही ताजा लागतो. खाऊ देवळापाशी खाली बसूनच द्या, कॅरियरमध्ये मुलाच्या हातात केळं बिळं दिलं आणि माकड आलं तर तुम्हाला मागचं काही कळणार नाही. स्टँडवर उभा केलेला कॅरियर म्हणजे खुर्ची नव्हे, दगडावर कलंडतो, एक हात कायम त्यावर. वर सावली जवळजवळ नाही, पिण्याचं पाणी आपलंच न्या. डायपर झिपच्या पिशवीत भरून खाली आणा प्लीज, तळ्याकाठी टाकलेले बघून फार वाईट वाटलं.

अजून एक, कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, त्यामुळे परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. आपण पळून जाऊ हो, पण पाठीवर बांधलेल्या मुलाला घेऊन कुठे पळणार.

उतरताना खरी परीक्षा आहे. वजन मागे असल्यामुळे पाऊल घसरलं की माणूस मुलावरच पडतो. ट्रेकिंग पोल घ्याच, पायरी आडवी उतरायची, आणि नवरा एक पायरी खाली पुढे. लेक झोपली, मान एका बाजूला पडत होती, तिथे पंचा गुंडाळून लावला. हरवलेला मोजा गणपतीच्या देवळापाशी कुणीतरी कट्ट्यावर वाळत घातल्यासारखा ठेवला होता. मावशी खाली पाराशी ताक विकत बसल्या होत्या, आम्ही चार ग्लास प्यायलो, त्यांनी आधी लेकीच्या पायाला हात लावून बघितला.

पावसाळ्यात मात्र कॅरियर घेऊन इथे मी येणार नाही, पायऱ्यांवरून पाणी वाहतं, शेवाळ असतं आणि गर्दीत धक्के लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. रविवार टाळा, टाळता नाही आला तर दुपारी बाराच्या आत गाडी काढा, नाहीतर भुशी डॅमजवळच्या ट्रॅफिकमध्ये भुकेलं मूल घेऊन बसावं लागेल. १०८ नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि परतायची वेळ घरूनच ठरवून निघा, आमची साडेअकराची होती, तटाची फेरी अर्धीच झाली होती तरी वळलो.