नाल बसवली आणि घोडा परत आत गेला

माझा धंदा नालबंदाचा. पुण्याच्या रेसकोर्सवर मामाच्या हाताखाली शिकलो. आजोबा पेडण्याचे, पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्यामुळे आधी वडिलांचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद झाले, मग माझे, आणि मी पोर्तुगालात आलो. लिस्बनच्या वरच्या अंगाला, तेजू नदीकाठी रिबातेजू नावाचा भाग आहे. तिथल्या एका तबेल्यात काम मिळालं. मालकांना सगळे ‘मेश्त्र’ म्हणतात. आपल्याकडचा मेस्त्री याच शब्दावरून आलेला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला तो आपलाच वाटला.

तबेल्यात सगळे लुसितानो जातीचे घोडे. अंगाने भरलेले, मानेला डौल, आणि माणसावर भलता विश्वास टाकणारे. पाय मागितला की पाय देतात. त्यातले काही घोडे तोराद्यासाठी, म्हणजे घोड्यावरून बैलाशी होणाऱ्या खेळासाठी तयार केलेले होते. ‘आमच्याकडे बैल मारत नाहीत, ते स्पेनमध्ये’ असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. खरंच आहे, रिंगणात बैल मारायला इथे 1928 पासून कायद्याने बंदी आहे. फक्त सीमेवरच्या बारांकुश गावाला 2002 मध्ये सूट मिळाली. मी ते ऐकलं आणि निर्धास्त झालो. आजोबा धिरयोच्या, म्हणजे बैलांच्या झुंजीच्या गोष्टी रंगवून सांगायचे, त्याच धाटणीचं काहीतरी असेल असं समजलो. त्या धिरयोवरही गोव्यात 1996 मध्ये हायकोर्टाने बंदी आणली, पण हे तेव्हा मनात आलं नाही.

ऑगस्टमधली शनिवारची रात्र होती. जवळच्या गावची जत्रा. मेश्त्र म्हणाले, “माणूस कमी आहे, तू हत्यारं घेऊन चल.”

मी रिंगणाच्या मागच्या बाजूला होतो. तिथून आतलं अर्धवटच दिसतं. जरीचा कोट आणि तीन टोकांची टोपी घातलेला स्वार, वर बँड, लोकांच्या टाळ्या. बैलाच्या शिंगांची टोकं कापून त्यावर चामडं चढवलेलं असतं, म्हणजे घोड्याच्या पोटात शिंग घुसत नाही. पण पाचशे किलोचं जनावर अंगावर आलं तर चामड्याने काय होणार? स्वार घोड्याला बैलाच्या अगदी तोंडाशी नेतो आणि वळता वळता बैलाच्या खांद्यात फार्पा खुपसतो. रंगीत कागद गुंडाळलेली काठी, टोकाला गळासारखा उलटा काटा. एका बैलाला अशा सहा-सात. लांबून फुलं लावल्यासारखं दिसतं.

तिसऱ्या बैलाच्या वेळी आमचा कुम्मैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडा बाहेर आला. मागच्या डाव्या पायाची नाल उडाली होती. मी पाय मागितला. रोज देणारा तो घोडा थरथरत उभा राहिला, पाय जमिनीला चिकटल्यासारखा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, तोंडाच्या फेसात तांबडं मिसळलेलं. बरगड्यांच्या मागे स्वाराच्या टाचेच्या काट्यांनी कातडी सोलवटली होती, एकावर एक रेघा. त्याच्या वर तळहाताएवढी सूज, शिंगाचा मार. मी मानेवर हात ठेवून बोलत राहिलो, मराठीतच. शेवटी त्याने पाय दिला. मांडीवर घेतला तेव्हा त्याची थरथर माझ्या गुडघ्यापर्यंत आली.

खूर कानशीने सारखा केला, सहा खिळे मारले, टोकं वळवली. इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल. “झालं?” मेश्त्रांनी विचारलं. “झालं,” मी म्हणालो. आणि घोडा परत आत गेला.

घोडा हा भ्यायला की पळणारा प्राणी आहे. धोक्यापासून लांब जाणं हाच त्याचा जगण्याचा मार्ग. त्याला तोंडातल्या लोखंडाने आणि टाचेच्या काट्याने त्याच धोक्याकडे परत परत न्यायचं, आणि त्याला नाच म्हणायचं, हा सरळ छळ आहे. खेळ संपून अर्धा तास झाल्यावर मी त्याच्या जबड्याखालची नाडी पाहिली. पंधरा सेकंदांत वीस ठोके. उभ्या, शांत घोड्याचे दहाच्या आसपास असतात.

बैलांचं पुढे काय होतं तेही त्या रात्री पाहिलं. स्वार गेल्यावर आठ जण पायी येतात, पुढचा शिंगांमध्ये अंग झोकून बैलाला धरतो. मग गळ्यात घंटा बांधलेले बैल आत सोडतात आणि त्यांच्या मागोमाग तो बाहेर येतो. इथवर लोकांना दिसतं. मागे एका अरुंद पिंजऱ्यात त्याला अडकवलं. काटा उलटा असल्याने ओढून निघत नाही. एकाने सुरीने भोवतालचं मांस कापलं आणि एकेक फार्पा काढली. भूल-बिल काही नाही. बैल पहिल्यांदा ओरडला. नंतरच्या वेळी नुसता श्वास ऐकू येत होता. बाहेर बँड वाजत होता.

रविवारी सकाळी सामान आणायला गेलो तर बैलांचा ट्रक तिथेच. कत्तलखाना सोमवारी उघडणार होता. फटीतून पाहिलं. पुढचा बैल ट्रकच्या भिंतीला टेकून उभा, खांद्यावर माश्यांचा थर. बादलीभर पाणी आत सरकवलं. त्याने मान हलवली नाही.

म्हणजे 1928 च्या कायद्याने मरण थांबलं नव्हतं. रिंगणातून उचलून ट्रकमध्ये ठेवलं होतं, आणि दोन रात्रींनी लांबवलं होतं.

सोमवारी मेश्त्रांना म्हणालो, “तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांचं काम करीन. रिंगणावर येणार नाही.”

“आणि तिथे नाल पडली तर?”

“तर घोडा आत जाणार नाही.”

ते बराच वेळ गप्प राहिले. वाईट माणूस नाही. घोड्यांना स्वतःच्या हाताने गाजरं भरवणारा माणूस. “माझे वडीलही हेच करायचे,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

डॉक्टरांनी कुम्मैताला तीन आठवडे खोगीर चढवायचं नाही असं सांगितलं होतं. बाराव्या दिवशी चढलं. जाण्याआधी मी त्याचे चारी पाय पाहिले. मागच्या डाव्या पायाचे सहाही खिळे घट्ट होते.