मागच्या भिंतीवरचा नकाशा

स्मरणिकेत बाकीचे सगळे मारकुट्या सरांवर नाहीतर मधल्या सुट्टीतल्या चिंचांवर लिहिणार हे माहिताय, त्यामुळं ते खातं मी त्यांच्यावर सोडतो. मला लिहायचंय ते आमच्या मराठीच्या सरांनी वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशाबद्दल. सरांना आपलं नाव छापून आलेलं आवडायचं नाही म्हणून इथं नुसतं सर म्हणतो, आमच्या आगंमागं शिकलेल्यांना कळंलच.

नकाशा भूगोलाच्या खोलीतनं आणलेला, कडा फाटलेल्या, बारा तालुके वेगवेगळ्या रंगात. त्यावर सरांनी लाल टाचण्या टोचलेल्या, एक टाचणी म्हणजे एक लेखक, ज्या गावचा त्या गावावर. कागलला आनंद यादव, पट्टणकोडोलीला शंकर पाटील, आजऱ्याला शिवाजी सावंत, पार खाली चंदगडात ताम्रपर्णीच्या काठाला कोवाडवर रणजित देसाई. कोल्हापूर शहरावर वि. स. खांडेकर, ते जन्मानं सांगलीचे आणि उमेदीची वर्षं शिरोड्यात मास्तरकी केलेली पण शेवटपर्यंत राहिले इथं म्हणून सर त्यांना आपल्यातच धरायचे. १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, ते ह्या गावात आलं ना, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं.

सरांचा प्रश्न असायचा, "अरे, ही माणसं लिहायला लागली कशी? ह्यातल्या काहींच्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती, मग एकदम पुस्तक कुठनं आलं?" आम्ही प्रतिभा, देवाची देणगी, असलं निबंधाच्या गाइडमधलं काहीतरी सांगायचो. सर म्हणायचे, देणगी असंल, पण बसायला जागा कुणी दिली ते सांगा.

जागा म्हणजे बोर्डिंग. आता दसरा चौकातनं रोज जाणाऱ्यालाही त्या इमारती नुसत्या जुन्या इमारती वाटतात, पण १९०१ पासनं शाहू महाराजांनी जी एकेका समाजाची वसतिगृहं काढायला लावली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, त्यानं काय झालं तर खेड्यातलं पोरगं पहिल्यांदा शहरात राहायला आलं. आणि नुसतं आलं नाही तर येताना आपली बोली, आपल्या आज्जीच्या गोष्टी, बैलाची नावं, भावकीतली भांडणं सगळं सोबत घेऊन आलं. १९०२ ला नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवायचा हुकूम, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. सर म्हणायचे, इतिहासाच्या पेपरला हे दोन मार्काला येतं, मराठीच्या पेपरला येत नाही, खरं तर तिकडंच यायला पाहिजे.

आमच्या वर्गातच बघा ना. पेठेतली आम्ही, तालमीत जाणारी, शिव्या अस्खलित. बोर्डिंगातली पोरं, शांत, अभ्यासू, शनिवारी घरी पळणारी. आणि एसटीनं रोज येणारी, पहिला तास कायम बुडलेली. ह्या तिसऱ्या गटातला कागलकडचा एक जण माझ्या शेजारी बसायचा. आम्ही दहावीत असताना, म्हणजे १९८७-८८ ला, यादवांची 'झोंबी' नवीनच आलेली, सरांनी कुठनं तरी मिळवून वर्गात वाचायला घेतली. बाप पोराला शाळेतनं काढून शेतात जुंपतो, पोरगं शाळेसाठी हट्ट धरतं, मार खातं, पुन्हा शाळेची वाट धरतं. आम्ही पेठेतली ऐकत होतो गोष्ट म्हणून. शेजारचा मात्र खाली मान घालून बसलेला, आणि तास संपल्यावर म्हणाला, "ह्यात गोष्ट काय हाय रं, आमच्यात ऊस लागणीच्या टायमाला हेच चालू असतंय."

ह्या पुस्तकावर सरांनी एक गोष्ट सांगितलेली ती मला आजही टोचते. शाहू महाराज मूळ कागलच्या घाटग्यांचे, दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढणारा राजा कागलचा. आणि यादवही कागलचे, जन्म १९३५. हुकूम निघून अठरा वर्षं झाल्यावर त्याच गावात जन्मलेल्या पोराला शाळेत जायला बापाशी झोंबी घ्यावी लागली. हुकूम पोचला पण शेतातला एक हात कमी झाला तर कुळवाड्याचं घर चालणार कसं, ह्याचं उत्तर हुकमात नव्हतं. माझं मत विचाराल तर इकडचं ग्रामीण म्हणून जे लिहिलं गेलं त्यातलं बरचसं नेमकं ह्या फटीतनं आलंय, शाळा दिसत होती पण हाताला लागत नव्हती. शाळाच नसती तर लिहिणारा तयार झाला नसता आणि शाळा सहज मिळाली असती तर लिहायचं कारण उरलं नसतं.

दुसरी भानगड ऐतिहासिक कादंबरीची. पन्हाळा, विशाळगड, पावनखिंड एवढं सगळं तासाभराच्या दोन तासाच्या अंतरावर असल्यावर इथं इतिहासावर लिहिणार नाहीत तर कुठं, असं आपण सहज म्हणतो. सरांचं मत जरा वेगळं होतं. गड काय तीनशे वर्षं तिथंच होते. पण १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे आमच्या आज्ज्याच्या पिढीनं राजा डोळ्यानं बघितलेला, दसऱ्याची स्वारी बघितलेली, आणि एका दिवसात ते सगळं कागदावर संपलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६२ ला, रणजित देसाईंची 'स्वामी' आली. सर म्हणायचे, वाड्यातनं गेलेला राजा पुस्तकात शिरला. हे शंभर टक्के खरं आहे असं मी म्हणणार नाही, १९६० ला मराठी राज्य झालं त्या भरात सगळ्या महाराष्ट्रालाच आपला इतिहास पाहिजे होता, तेही आहेच. पण कोवाडसारख्या गावात इनामदाराच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला दरबार, मानपान, वाड्यातल्या बायकांचं घुसमटणं कल्पना करून लिहावं लागलं नसणार एवढं नक्की. गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात केली ती पेशव्यावर, माधवरावांवर! करवीरची गादी आणि पेशवे-पटवर्धन ह्यांचं अठराव्या शतकात किती वाजलं ते माहीत असणाऱ्या कोल्हापूरकराला हे वाचून आधी जरा ठसका लागतो. शिवाजी महाराजांवरची 'श्रीमान योगी' नंतरची.

शिवाजी सावंतांचं तर आम्हाला फारच कौतुक, कारण ते कोल्हापुरातच राजाराम हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि शिकवता शिकवता १९६७ ला 'मृत्युंजय' आली. आमची शाळा वेगळी, त्यामुळं त्यांच्या पोरांचा आम्हाला जरा जळफळाटच व्हायचा. आता हे पुढचं माझं स्वतःचं डोकं आहे, सावंतांच्या किंवा सरांच्या नावावर घालत नाही. ह्याच गावात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले, तुम्ही शूद्र, तुमचं स्नान पुराणोक्तानंच होणार म्हणून. गादीवरच्या माणसाला जन्म दाखवला. त्यातनं जे वेदोक्त प्रकरण पेटलं ते पुढं कैक वर्षं इथल्या घराघरात बोललं जात होतं. त्या गावात बसून एक मास्तर महाभारतातला नायक निवडतो तर कुणाला निवडतो, कर्णाला. भर सभेत सूतपुत्र म्हणून ज्याचा पाणउतारा झाला त्याला. कर्ण सगळ्या देशाचा आहे मान्य, पण हे पुस्तक आमच्याकडं घराघरात, अगदी न वाचणाऱ्यांच्या घरातसुद्धा जे शोकेसला दिसतं ते नुसत्या भाषेच्या डौलापायी असंल असं मला वाटत नाही.

जुन्या टाचण्या दोनच होत्या, दोन्ही पन्हाळ्यावर. मोरोपंत, जन्म १७२९, नंतर गेले बारामतीला (बारामतीला जाऊन मोठं होण्याची परंपरा जुनीच म्हणायची). दुसरी रामचंद्रपंत अमात्यांची. त्यांच्या 'आज्ञापत्रा'तला झाडांचा उतारा सर पाठ म्हणायचे, आरमाराला लाकूड पाहिजे पण रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नका, त्यांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. राज्यकारभाराचा कागद, पण वाचताना शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून लिहिल्यासारखा.

आणि मग सिनेमा. हा भाग बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. बाबुराव पेंटर, मग १९२९ ला प्रभात, प्रभात १९३३ ला पुण्याला गेली तरी भालजी पेंढारकर इथंच, जयप्रभा स्टुडिओ इथंच. म्हणजे लिहिणाऱ्याला पुस्तकाच्या मानधनाशिवाय पोट भरायचा दुसरा रस्ता ह्या गावात होता, तो तेव्हा मराठीत दुसऱ्या कुठल्या गावात एवढा नव्हता. खांडेकरांनी १९३६ च्या 'छाया'पासनं सिनेमासाठी लिहिलं. शंकर पाटलांनी पटकथा-संवाद लिहिले, 'पिंजरा'चं लेखन त्यांचं आणि गाणी जगदीश खेबुडकरांची, तेही आपल्याच जिल्ह्यातले, मूळचे शिक्षक. स्टुडिओत संवाद लिहायचा म्हणजे तो नटाच्या तोंडात बसायला लागतो, नाहीतर सेटवरच कुणीतरी तोंडावर सांगणार, हे काय जमंना बघा. तमाशाच्या फडात तर प्रेक्षकच सांगतात. शंकर पाटलांची गोष्ट डोळ्यानं वाचली तर बरी वाटते, पण कुणी मोठ्यानं वाचली की वर्ग पोट धरून हसतो, हे आम्ही अनुभवलंय. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि ते, तिघं गावोगाव कथाकथन करत फिरायचे ते उगंच नाही. आमच्याकडचं लिहिणं आधी कानाचं आणि मग डोळ्याचं आहे, पोवाड्यापासनं तेच चालत आलंय, शाहीर पिराजीराव सरनाईकांचा डफ ज्यांनी ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एकदा मधल्या बाकावरच्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, ह्यात एकपण बाई कशी नाही? आणि गाव तर अंबाबाईचं, राज्य ताराबाईनं राखलेलं." वर्ग एकदम गप. सर टाचण्यांकडं बघत राहिले बराच वेळ. मग म्हणाले, बोर्डिंगं पोरांची होती गं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गृहपाठ, आज्जीकडनं, आईकडनं जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी उतरून आणायची. वह्या भरल्या अक्षरशः. जोतिबाच्या खेट्यांवर, माहेरच्या वाटेवर, सासूवर, महापुरावर, पहिल्यांदा बघितलेल्या रेल्वेवर सुद्धा. पण टाचणी कुठं टोचायची, नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न तसाच राहिला. त्या वह्यांचं पुढं काय झालं ते शाळेनं शोधावं अशी माझी विनंती आहे, एखाद्या कपाटात असतील तर ह्या वर्षी बाहेर काढा.

गडहिंग्लजच्या बाजूला सरांनी टाचणीऐवजी पेन्सिलचा ठिपका दिलेला. राजन गवस तेव्हा नवीन लिहीत होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या पोरींबद्दल, जोगत्यांबद्दल 'चौंडकं', 'भंडारभोग'. त्या भागात निपाणी-गडहिंग्लजला देवदासींची चळवळ उभी राहिलेली आणि कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी देवी, तिच्या डोंगरावर जाणाऱ्या बैलगाड्या आमच्या गल्लीतनं पण दिसायच्या. आम्ही लहानपणी त्या जोगतिणींच्या मागं ओरडत पळायचो. पुस्तक वाचल्यावर ते बंद झालं, निदान माझं. पुढं २००१ ला 'तणकट'ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हा सर रिटायर झाले होते, पण मला खात्री आहे की घरी बसल्या बसल्या त्यांनी त्या ठिपक्यावर टाचणी मारली असणार.

नकाशाचा पश्चिमेकडचा पट्टा मात्र आमच्या वेळी रिकामाच होता. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, धुवाधार पाऊस, धनगरवाडे, दहा घरांची गावं. सर म्हणायचे पाणी तिकडं पडतंय आणि पीक इकडं येतंय, उसाचंपण आणि पुस्तकांचंपण. हे खरंच आहे. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, त्यानंतर धरणं वाढत गेली, आणि त्या पाण्यावर खालच्या तालुक्यात कारखाने उभे राहिले, हातात पैसा आला, हायस्कुलं निघाली, वाचनालयं निघाली. वर मात्र गावंच्या गावं उठली.

तो पट्टा आता भरतोय. पन्हाळा तालुक्यातले कृष्णात खोत, 'रिंगाण', २०२३ चं साहित्य अकादमी. धरणात गाव गेलेलं, माणसं उठून दुसरीकडं नेऊन बसवलेली, आणि मागं राहिलेल्या म्हशीसाठी एक माणूस परत त्या बुडीत मुलखात जातो. विस्थापितांवर भाषणं खूप ऐकली, मोर्चे बघितले, पण म्हशीकडनं बघितलेलं धरण मी पहिल्यांदा वाचलं, आणि त्यातलं रान, त्यातली बोली अशी आहे की पुण्यातल्या माझ्या ऑफिसातल्या मित्राला पहिली काही पानं अवघड गेली. जाऊदेत अवघड, आपण पण त्यांचं सदाशिव पेठेतलं मुकाट्यानं वाचलंच की इतकी वर्षं.

आमच्या वर्गात राधानगरीच्या बाजूचा एक जण होता, बोर्डिंगातला, त्याचं गाव असंच पाण्याखाली गेलेलं पण शाळेत असताना त्यानं कधी विषय काढला नाही, पहिलं गाव विचारलं की नवीन वसाहतीचं नाव सांगायचा. आता तो वसाहतीतच शेती करतो, बॅचच्या ग्रुपवर फक्त सकाळची फुलं पाठवतो. त्याला मी हे पुस्तक पोस्टानं पाठवलं. बरेच दिवस काही नाही. मग एका रात्री फोन, मागं ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाला, अर्धं झालंय, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या त्यामुळं तसंच पडलंय, ऊस एकदा कारखान्याला गेला की उरलेलं वाचतो.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८८